वाणगाव ते वानखेडे: अंतर कोणी कापायचे?

बार्बाडोस हे कॅरिबियन समुद्रातले एक लहानसे बेट. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या डहाणू तालुक्यात चार लाखांवर माणसे मोजली गेली, आणि शेजारच्या तलासरीची दीड लाख त्यात धरलेली नाहीत. म्हणजे वाणगाव, चिंचणी, कासा, बोर्डी, घोलवड असा हा आपला एक तालुका माणसांच्या हिशेबात त्या देशापेक्षा मोठा. त्या बेटाने जगाला गॅरी सोबर्स दिला. फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट दिले. वेस हॉल, चार्ली ग्रिफिथ, जोएल गार्नर, माल्कम मार्शल, गॉर्डन ग्रीनिज, डेस्मंड हेन्स ही सगळी तिथलीच नावे. डहाणू-तलासरीच्या एकाही वारली पाड्यावरून कसोटी संघापर्यंत अजून कोणी पोहोचलेले नाही.

हे असे का, असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते: त्यांच्या रक्तातच क्रिकेट आहे. हे उत्तर टिकत नाही. १९८० ते १९९५ या पंधरा वर्षांत वेस्ट इंडिजचा संघ एकही कसोटी मालिका हरला नव्हता. जुलै २०२५ मध्ये किंग्स्टनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच वेस्ट इंडिजचा डाव २७ धावांत आटोपला. बेटे तीच, माणसे तीच. रक्त तीस वर्षांत बदलत नाही. बदलते ती रक्ताभोवतीची व्यवस्था. लोकसंख्येचे उत्तरही तितकेच लंगडे आहे. न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात, म्हणजे पालघर जिल्ह्याच्या दुपटीलाही कमी. त्या देशाने २०२१ मध्ये साउदॅम्प्टनला भारताला हरवून कसोटी अजिंक्यपद जिंकले आणि २०२४ मध्ये बंगळुरू, पुणे, मुंबई अशा तिन्ही कसोट्या आपल्याच अंगणात जिंकून दाखवल्या. हवामान म्हणावे तर इंग्लंडमध्ये अर्धा उन्हाळा पावसात जातो आणि मुंबईची कांगा लीग तर मुद्दाम पावसाळ्यातच खेळली जाते.

खरे कारण अधिक साधे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या घरापासून खेळपट्टी किती दूर आहे? प्रशिक्षक किती दूर आहे? आपल्याहून चांगला खेळणारा, रोज समोर उभा राहणारा मोठा माणूस किती दूर आहे? हे अंतर जिथे कमी, तिथे मोठे खेळाडू तयार होतात. जिथे जास्त, तिथे तितक्याच कुवतीची मुले गावच्या चषकापर्यंत पोहोचून थांबतात. वाणगाव-चिंचणी-वरोर पट्ट्यातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा या किनाऱ्यावर घराघरांत पसरला, तो इथल्या बोटांत जन्मतः काही होते म्हणून नव्हे. बाप, काका, शेजारी ओट्यावर बसून पोलादावर नक्षी कोरत होते आणि पोर बाजूला बसून पाहत होते. क्रिकेटही हाताला असेच लागते.

बार्बाडोसमध्ये हे अंतर किती कमी होते, हे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या त्रिकुटावरून कळते. ऑगस्ट १९२४ ते जानेवारी १९२६ या दीड वर्षाच्या आत तिघांचे जन्म, तेही केन्सिंग्टन ओव्हल मैदानापासून मैलभराच्या परिसरात. पण नुसती मैदानाची जवळीक पुरली नसती. तिथल्या हॅरिसन कॉलेज, कॉम्बरमिअर, लॉज या शाळांचे संघ थेट मोठ्यांच्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शनिवारी वेस्ट इंडिजकडून खेळलेल्या गोलंदाजासमोर उभे राहावे लागे. शाळेत शंभर धावा काढून शाबासकी मिळवणे वेगळे आणि तिशीतल्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू छातीजवळून जाताना पाहणे वेगळे. ज्याला हे सोळाव्या वर्षी कळले, त्याला विसाव्या वर्षी कसोटीची धास्ती कमी वाटते.

अर्थात त्या बेटावर दुसऱ्या प्रकारचे अंतरही होते, आणि ते मैलांत मोजता येत नव्हते. वीक्स गरीब घरातला. मैदान घराजवळ, तिथल्या माळ्यांना मदत करत तो खेळ पाहत असे, पण शेजारच्या पिकविक क्लबची दारे काळ्या मुलांना बंद होती. तो गरिबांच्या लीगमध्ये खेळला आणि लष्करात भरती झाल्यावर तिथल्या संघातून वर आला. सोबर्सची वाटही अशीच. पोलिसांच्या संघाला हा मुलगा हवा होता, म्हणून त्याला पोलिसांच्या बँडमध्ये बिगुल वाजवायला घेतले गेले. बेटाने सोबर्सला मैदानाजवळ जन्माला घातले आणि कोणीतरी एक युक्ती काढून त्याला कुंपणाच्या आत घेतले. दोन्ही गोष्टी घडल्या म्हणून सोबर्स झाला.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून जुने आहे. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणारा आणि साहेबांना नेट्समध्ये गोलंदाजी टाकणारा पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला तरुण. चाकरीमुळे तो खेळपट्टीच्या जवळ आला, आणि रोज चांगल्या फलंदाजांना चेंडू टाकून टाकून देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे गेले. जातीचे अंतर कापायला एका घराला दोन भावांची कारकीर्द लागली.

मुंबईने पुढे जे उभे केले, ते बार्बाडोसच्या तोडीचे होते. १८९७ पासून शाळांसाठी हॅरिस शील्ड. १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग, जिथे कॉलेजात जाणारा पोरगा आणि कसोटीपटू एकाच ओल्या, उघड्या खेळपट्टीवर समोरासमोर येत. नोकरदारांसाठी टाइम्स शील्ड. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस तर अशी की रविवारी सामना असला की आजूबाजूच्या गल्ल्या कुंपणाला येऊन टेकत. शिवाय पोटाची सोय होती. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. पगार चालू आणि खेळायला सुट्टी. याचे फळ म्हणजे १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा रणजी करंडक. आजवरची एकूण बेरीज ४२. यातले कितीतरी खेळाडू एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते. दादर-माटुंगा-माहीम हा पट्टा हेच मुंबईचे बार्बाडोस.

या पट्ट्याचे महत्त्व सचिन तेंडुलकरच्या घरच्यांना नेमके कळले होते. वांद्र्याहून शिवाजी पार्क म्हणजे बसचा थोडासा प्रवास. तरी दिवसाला दोनदा सराव आणि मध्ये सामने असताना तोही जड जाऊ लागला, तेव्हा मुलाला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवले आणि शाळा बदलून शारदाश्रममध्ये घातले. रमाकांत आचरेकर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त वेळा फलंदाजी मिळावी. शतकातून एकदा जन्माला येणारा खेळाडू, आणि त्याच्यासाठीही वांद्रे ते दादर हे अंतर लांब ठरले होते.

वाणगाव स्टेशन चर्चगेटपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे.

आता जरा ओळीने पाहावे. तेंडुलकर काका-काकूंच्या घरी राहिला. रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीकडे आणि तो बोरिवलीला काकांकडे. प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि फी परवडत नाही म्हटल्यावर ती माफ करून घेतली. श्रीरामपूरचा झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईत आला तेव्हा नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईकांनी त्याला हाताशी धरले. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला यशस्वी जयस्वाल आझाद मैदानातल्या तंबूत राहिला आणि नंतर प्रशिक्षक ज्वाला सिंह यांच्या आश्रयाला गेला. प्रत्येकाच्या कथेत एक घर आहे. कोणाचे तरी काका, कोणाचे तरी सर, कोणीतरी आपल्या दोन खोल्यांत तिसरी गादी टाकलेली. या कथा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो आणि ती माणसे कौतुकाला पात्रच आहेत. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या देशात खेळाडू घडण्याची पहिली अट मुंबईत नातेवाईक असणे ही असेल, तर ज्या घराचा मुंबईत कोणीच नाही, त्या घराने काय करायचे? सायवन किंवा गंजाडच्या पाड्यावरच्या वारली कुटुंबाचे दादरला काका नसतात.

पालघरच्या शार्दूल ठाकूरची कथाही याच ओळीतली. पालघरजवळच्या माहीम गावातले शेतकरी घर. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिर शाळेकडून खेळताना दिनेश लाड सरांनी त्याला पाहिले आणि बोरिवलीच्या शाळेत पाठवा म्हणून वडिलांना गळ घातली. वडिलांची अडचण साधी होती: दहावीचे वर्ष तोंडावर, आणि रोज इतक्या लांब पोराला पाठवायचे कसे? लाड सर आणि त्यांच्या पत्नी यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्या घरातून तो शाळेत गेला आणि हॅरिस शील्डच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारून आला. पुढे किट बॅग घेऊन लोकलचे दरवाजे धरत मुंबई गाठण्याची वर्षे होतीच. विरार ते डहाणू रोड अशी उपनगरी लोकल सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी या पट्ट्यातल्या माणसाला शटल आणि लांब पल्ल्याच्या मोजक्या गाड्या यांवरच विसंबून राहावे लागे, आणि एक गाडी चुकली की अर्धा दिवस गेला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला शार्दूलचे कसोटी पदार्पण झाले आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने तो बाहेर पडला. कोणाचेही मन खचावे असा प्रसंग. पुढची कसोटी मिळायला जानेवारी २०२१ उजाडले. ब्रिस्बेनचे गाबा मैदान, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरला नव्हता. भारताचे निम्मे खेळाडू जखमी, धावफलकावर ६ बाद १८६, ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावा डोक्यावर. त्या वेळी शार्दूलने वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली, स्वतः ६७ काढल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. भारत तो सामना आणि मालिका जिंकला. पुढे त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ओव्हलला दोन अर्धशतके, जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबईची अवस्था बिकट असताना शतक, आणि विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ७५. संकटात ज्याचा हात थरथरत नाही असा हा खेळाडू. त्याची मानसिक ताकद लोकलच्या गर्दीत तयार झाली असे म्हणायला अनेकांना आवडते. त्यात तथ्य असेलही. पण त्याच गर्दीत शार्दूलइतकीच कुवत असलेले किती जण थकून घरी बसले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जो पोहोचला त्याच्या जिद्दीवरून प्रवासाचे गुणगान करणे हा न पोहोचलेल्यांवर अन्याय आहे.

विरारच्या पृथ्वी शॉने वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावांची खेळी केली, तेव्हा साऱ्या देशात त्याच्या नावाचा गाजावाजा झाला. विरारही आता याच पालघर जिल्ह्यात. चर्चगेटपासून साठ किलोमीटर. वडील पहाटे उठवून मुलाला गाडीत घालत. साठ किलोमीटरवरून एक आला, पालघरवरून एक आला. वाणगावच्या पुढे रिकामे. मुंबईपासूनचे अंतर वाढत गेले तसे खेळाडू संपत गेले, असा या नकाशाचा सरळ अर्थ निघतो.

डहाणू-तलासरीत क्रिकेट नाही, असे मात्र कोणी समजू नये. भाताची कापणी झाली की नोव्हेंबरपासून शेतांची मैदाने होतात. शनिवार-रविवार ध्वनिक्षेपकावर समालोचन सुरू असते, दुचाक्यांच्या रांगा लागतात, गावोगावचे संघ जर्सी घालून उतरतात. किनाऱ्यावरच्या मांगेला आणि मच्छीमार वस्त्यांपासून आत कासा-उधव्यापर्यंत हा हंगाम मेपर्यंत चालतो. पण चेंडू टेनिसचा असतो. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा चेंडू, हाताळायला पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट लागते. रोलर फिरवलेली खेळपट्टी किंवा निदान सिमेंटवर अंथरलेली मॅटिंग लागते. चांगल्या इंग्लिश विलो बॅटची किंमत शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होते. आणि मुंबईत शालेय क्रिकेटचा हंगाम ऐन भरात येतो, त्याच काळात म्हणजे दिवाळीनंतर इथली कितीतरी आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मासेमारीच्या बोटींवर कामाला बाहेर पडतात. चौदा वर्षांचा मुलगा तेव्हा नेट्समध्ये नसतो, भट्टीवर असतो.

टेनिस बॉलवर वाढलेला खेळाडू मोठा होत नाही का? होतो, पण वेळेत कोणीतरी त्याच्या हातात चामड्याचा चेंडू द्यावा लागतो. नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलच टाकत होता. पोलिसात आणि लष्करात भरती होण्याचे प्रयत्न फसले, मग विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याच्या नजरेस तो पडला. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू. कारकिर्दीत १७० कसोटी बळी. तमिळनाडूतल्या चिन्नप्पमपट्टीचा टी. नटराजन असाच टेनिस बॉलवरून आला, आणि शार्दूलने गाजवलेल्या ब्रिस्बेनच्या त्याच सामन्यात त्याने कसोटी पदार्पण केले. त्याने आपल्या गावातच अकादमी काढली, हे त्याच्या बळींइतकेच मोलाचे आहे. उमेशला पाहणारा गंधे नागपुरात होता, खाणीपासून काही मैलांवर. वाणगावच्या शेतातल्या स्पर्धेत ताशी १३५ किलोमीटरने चेंडू टाकणारा पोरगा असला, तरी तो पाहायला कोण उभा असतो?

आदिवासी मुलांच्या दमसासाबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने नाशिकच्या कविता राऊतकडे पाहावे. सावरपाड्यासारख्या दुर्गम पाड्यावरची मुलगी. नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्या प्रशिक्षणाखाली २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. धावायला पाय लागतात आणि एक प्रशिक्षक. म्हणून तिथे दार लवकर उघडले. क्रिकेटमध्ये साहित्य, खेळपट्टी, अकरा सवंगडी आणि रोजचे सामने लागतात, म्हणून ते अजून बंद आहे. झारखंडचा रॉबिन मिंझ हा आदिवासी यष्टिरक्षक डिसेंबर २०२३ च्या आयपीएल लिलावात ३ कोटी ६० लाखांना घेतला गेला. वडील माजी सैनिक, रांची विमानतळावर सुरक्षारक्षक. घर रांची शहराच्या हद्दीत, आणि मार्गदर्शन धोनीला घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या चंचल भट्टाचार्य यांचे. पुन्हा तेच. गुण घराचे, पण ते दिसले शहराजवळ राहिल्यामुळे.

हा फक्त गरीब देशांचा प्रश्न नाही. क्रिकेटची जन्मभूमी असलेल्या इंग्लंडमध्ये खासगी शाळांत जेमतेम सात टक्के मुले शिकतात. तरी इंग्लंडच्या पुरुष संघात त्या शाळांतून आलेल्यांचे प्रमाण अलीकडे निम्म्याहून अधिक भरले. सरकारी शाळांची मैदाने विकली गेली, गवताच्या खेळपट्ट्या खासगी शाळांतच उरल्या. म्हणजे जिथे मैदान, तिथे खेळाडू. ऑस्ट्रेलियाने हे ओळखून उलट बाजूने काम केले. ऐंशीच्या दशकात संघ ढासळल्यावर अॅडलेडला निवासी अकादमी काढली आणि रॉड मार्श यांच्या हाताखालून रिकी पाँटिंगसारखे खेळाडू बाहेर पडले. न्यू साउथ वेल्सच्या शेतीपट्ट्यातल्या नॅरोमाइनचा ग्लेन मॅकग्राही याच वाटेने गेला. सिडनीत त्याचे काका राहतात का, असे कोणाला विचारावे लागले नाही.

भारतातही एकदा हे करून पाहिले गेले. २००२ च्या सुमारास मराठी पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून मंडळाने गुणवत्ता शोधण्याची एक योजना राबवली. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख होते. जुने खेळाडू गावोगावचे सामने पाहायला जात आणि अहवाल पाठवत. त्यांच्यातल्या प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला लांब केसांचा, उंच फटके मारणारा एक यष्टिरक्षक पाहिला. वय एकवीस, योजनेच्या मर्यादेबाहेर. तरी त्यांनी नाव पाठवले आणि वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. तो महेंद्रसिंग धोनी. पुढे ती योजना बंद पडली. आज आयपीएलचे संघ आपली माणसे फिरवतात खरी, पण ती बहुधा आधीच कुठल्यातरी संघटनेच्या स्पर्धेत खेळणाऱ्याला पाहतात. पाड्यापर्यंत ती येत नाहीत. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात टेनिस बॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली, तिने गावच्या खेळाडूंना पैसा आणि नाव दिले. त्याचे स्वागतच आहे. तिच्यातून कसोटीची वाट मात्र निघत नाही.

मग करायचे काय? उत्तर डहाणू तालुक्यानेच देशाला शिकवले आहे, फक्त दुसऱ्या क्षेत्रात. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. गुरे राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. तिचे नाव कुरणशाळा. अंतर मुलाने कापायचे नाही, शाळेने कापायचे, हा विचार इथल्या मातीत रुजलेला आहे. क्रिकेटला तो लावायला कोणी हात धरलेला नाही.

आणि त्यासाठी लागणारी मुख्य गोष्ट तयार आहे. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली निवासी आश्रमशाळा आहेत. मुले तिथेच राहतात, तिथेच जेवतात. आईवडील कामाला बाहेर गेले तरी मूल शाळेत असते. लोकल नको, काका नको. या मुलांच्या कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि धावण्याच्या स्पर्धा दरवर्षी होतात आणि त्यांतली चपळाई पाहिली की कोणत्याही प्रशिक्षकाच्या तोंडाला पाणी सुटेल. तालुक्यातल्या दोन-तीन मोठ्या आश्रमशाळांच्या आवारात सिमेंटची पट्टी, त्यावर मॅटिंग, जाळी, सामाईक किट आणि पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक एवढे दिले, तर पाच-सहा वर्षांत फरक दिसू लागेल. मुलींसाठीही तीच सोय तिथेच होते, कारण मुलीही तिथेच राहतात. महिला क्रिकेटला आज जे दिवस आले आहेत ते पाहता हा मुद्दा लहान नाही. दुसरी गोष्ट सामन्यांची. मुंबई क्रिकेट संघटनेने हॅरिस आणि गाइल्स या शालेय शील्डच्या पात्रता फेऱ्या पालघर, बोईसर, डहाणू इथे भरवाव्यात. दादरच्या शाळेने एकदा डहाणू लोकलने यावे. तिसरी गोष्ट नोकरीची. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून इथे आहे, बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. निर्लॉन आणि स्टेट बँकेने मुंबईसाठी जे केले, ते या उद्योगांनी या तालुक्यासाठी करावे: विशीतल्या वेगवान गोलंदाजाला पगार आणि सरावाला वेळ. त्याशिवाय तो वीस वर्षांचा होताच घर चालवायला निघून जाईल, आणि त्याला कोणी दोष देऊ शकणार नाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल त्याने विदर्भाकडे पाहावे. दशकानुदशके ज्यांना कोणी मोजत नव्हते, त्या विदर्भाने वयोगटांच्या निवासी अकादमीवर आणि प्रशिक्षकांवर पैसा घातला, चंद्रकांत पंडितांसारखा कडक गुरू आणला आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीन रणजी करंडक नेले. विदर्भातली मुले दहा वर्षांत बदलली नव्हती. त्यांच्यापासून खेळपट्टीचे अंतर बदलले होते.

वाणगाव परिसरासाठी वेळही हीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याला किनाऱ्यावरच्या गावांचा विरोध आहे आणि त्या विरोधाची कारणे गंभीर आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय. पण बंदर, मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग, द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन यांमुळे डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या जमिनीचे हिशेब आताच मांडले जात आहेत. भातकापणीनंतर ज्या शेतांत आज स्पर्धा होतात, त्यांतली कित्येक उद्या गोदामांखाली असतील. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, इथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने जमिनीच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार दिला आहे. वाणगाव, कासा आणि तलासरी इथे प्रत्येकी एक पूर्ण आकाराचे मैदान आराखड्यात आरक्षित करा, असा ठराव ग्रामसभांनी येत्या बैठकीतच करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, आणि त्याची प्रत मुंबई क्रिकेट संघटनेलाही द्यावी.